हुपरीकरांचे अकरा शपथसोबती

त्र्यंबकराव हुपरीकर मिशिगनमधल्या ट्रॉय गावात राहतात, हे फक्त पोस्टमनचं मत आहे. ते स्वतः राहतात इंग्लंडमध्ये, आणि तेही सन १४३० च्या आसपास. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळण्यासाठी ते सकाळी या शतकात येतात आणि संध्याकाळी कार गराजमध्ये लावून परत जातात.

त्याचं असं आहे की, सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या न्यायालयात जे जे दावे चालले, ते कारकुनांनी मेंढीच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलेत. त्या कातड्यांचे फोटो आता इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. कुणालाही बघता येतात, म्हणून कुणीच बघत नाही. त्र्यंबकराव मात्र रोज बघतात. लंच अवरमध्ये डबा खाता खाता त्यांनी लॅटिन शिकून घेतलं. त्यामुळे त्यांच्या लॅटिनला थोडा लसणाच्या चटणीचा वास येतो, पण वाचता चांगलं येतं.

आणि वाचलेलं पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. गेल्या दिवाळीच्या पॉटलकला ते हातात चकली घेऊन तावातावानं सांगत होते, "काय माणूस आहे बघा हा विल्यम! शेजाऱ्याचं कुंपण तोडलं, मेंढ्या हाकलून नेल्या, वर कोर्टात तोंड दाखवायला तयार नाही!" हर्नडनहून नुकत्याच बदली होऊन आलेल्या एक बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "कुठल्या सबडिव्हिजनमध्ये हो? आम्ही इथंच घर बघतोय."

या नादाचं मूळ ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. त्या काळात आम्ही सगळेच दिवसातून चारदा सरकारी वेबसाइट उघडून 'प्रलंबित' हा शब्द वाचायचो आणि कुढायचो. त्र्यंबकरावांनी कुढण्याऐवजी अभ्यास केला. माणसाला ताटकळत ठेवण्याची ही कला कुणी शोधली असेल, याचा माग काढत ते थेट वेस्टमिन्स्टरला, राजाच्या त्या न्यायालयात, पोचले. तिथं त्यांना शेरीफ भेटला. शेरीफ म्हणजे राजाचा जिल्ह्यातला माणूस, आपला कलेक्टर समजा. राजा हुकूम पाठवणार, की अमक्याला धरून कोर्टात हजर कर. शेरीफ त्याच हुकुमाच्या पाठीवर लिहून पाठवणार, की हुकूम फार उशिरा पोचला. पुढच्या खेपेला लिहिणार, सदर इसम माझ्या जिल्ह्यात सापडत नाही. सदर इसम बहुधा त्याच्याच शेजारी बसून बिअर पीत असणार. हे वाचून त्र्यंबकराव आनंदानं ओरडले होते, "अगं शोभा, हे तर आपलेच लोक निघाले!"

शोभावहिनी हे सगळं लग्नानंतर थोड्याच वर्षांत सुरू झालेलं बघत आल्या आहेत. नवरा शेरीफाविषयी बोलत असला की त्या कणीक मळतात, भाजी निवडतात, अधूनमधून "हो का" म्हणतात. त्यांचं स्वतःचं राज्य स्वयंपाकघरात आहे, आणि तिथला सर्वोच्च मान म्हणजे आमच्या मंडळाची होळीची पुरणपोळी स्पर्धा. अट एकच: पोळी घरी केलेली हवी. पहिल्या नंबराला फिरती ढाल मिळते. ती इतकी वर्षं हुपरीकरांकडेच होती, की फिरण्याची सवय मोडून ती त्यांच्या फायरप्लेसवर पेन्शनरासारखी बसली होती.

यंदाच्या होळीला मात्र परीक्षक म्हणून सावनी आली. वयानं पस्तिशीची, पुण्याची, आणि नोकरीनं एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. बाकीचे परीक्षक पोळीचा तुकडा मोडून डोळे मिटतात. सावनीनं पर्समधून व्हर्निअर कॅलिपर काढला.

आधी सगळे हसले. ती हसली नाही. शोभावहिनींच्या ताटातल्या एकेक पोळीची जाडी तिनं मोजली, व्यास मोजला, फोनवर आलेख काढला आणि स्पर्धा भरलेल्या त्या शाळेच्या कॅफेटेरियात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, सॉरी हं, पण या पोळ्यांमध्ये व्हेरिएशनच नाहीये. हातानं लाटलेल्या पोळ्या इतक्या सारख्या येऊच शकत नाहीत. ह्या मशीनच्या आहेत. फ्रोझन पाकिटातल्या."

तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज झाला. तो शोभावहिनींचा होता. "छे! काहीतरीच काय! माझा हात बसलाय."

"हात कितीही बसला तरी, काकू..."

"माझ्या पोळीला तू पट्टी लावतेस? जावयाला नाही लावली मी!"

मंडळाचे अध्यक्ष केदार यांचा एक विशेष गुण आहे. निर्णय घेण्याची वेळ आली की त्यांना फोन येतो. तसा तो आला. फोनवर बोलत बोलतच त्यांनी ढाल उचलली आणि "सध्या न्यूट्रल ठिकाणी ठेवू" म्हणून आपल्या कारच्या डिकीत टाकली.

ढाल गेली त्याचं वहिनींना फार नव्हतं. पण त्या दिवसापासून बायका त्यांच्या डब्यातलं काही खाताना क्षणभर थांबू लागल्या. किराणा दुकानात फ्रीझरच्या बाजूनं वहिनी गेल्या तरी कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसायचं. ट्रॉयमध्ये माणसाचं नाव हीच काय ती त्यानं देशातून आणलेली इस्टेट. वहिनींनी घरी जाहीर केलं, "एक तर माझं नाव धुऊन निघेल, नाही तर मी त्या मंडळात पुन्हा पाय ठेवणार नाही."

त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. अशा चमकेला आम्ही सगळेच भिऊन असतो.

"शोभा," ते म्हणाले, "यावर कायद्यात उपाय आहे."

"अमेरिकेच्या?"

"छे गं! चांगल्या कायद्यात."

उपाय असा. त्या काळी एखाद्यावर आरोप झाला आणि पुरावा धड इकडचा नाही की तिकडचा, तर काही प्रकारच्या दाव्यांत आरोपीला एक मुभा होती. त्यानं शपथेवर सांगायचं, की मी हे केलेलं नाही. मग त्याची अकरा ओळखीची माणसं एकेक करून शपथ घेणार, की आमच्या माहितीप्रमाणे याची शपथ खरी आहे. बस्स. दावा तिथंच संपला. या अकरांनी काही पाहिलेलं नसलं तरी चालतं. त्यांनी फक्त त्या माणसाला ओळखायचं. त्यांना मराठीत शब्द नाही, म्हणून त्र्यंबकरावांनी शपथसोबती असा शब्द पाडला आणि त्याच संध्याकाळी साऱ्या मंडळाला ईमेल गेली. शोभावहिनी "अहो, नको, राहू दे" म्हणेपर्यंत तिला बावीस लाइक आले होते.

केदार खूश. निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडला होता, आणि तो दुसरा कुणीतरी सहाशे वर्षांपूर्वी मेलेला होता. सावनीसुद्धा तयार झाली. "प्रोसेस डॉक्युमेंटेड असेल तर माझी हरकत नाही," ती म्हणाली.

"कायद्यानं खरं तर आरोपी मीही आहे," त्र्यंबकराव छाती काढून म्हणाले. "त्या काळी विवाहित बाईवर दावा म्हणजे तो नवऱ्यावरही."

"पोळ्या मी केल्या आणि आरोपी तुम्ही?" वहिनी कडाडल्या. "त्यातही पुढे पुढे!"

तारीख त्यांनी त्या काळच्या रिवाजानं काढली. तिथं कोर्टाच्या तारखा सणांवरून ठरत, अमक्या संताच्या सणानंतर आठवा दिवस, ईस्टरनंतर पंधरावा. आमची तारीख ठरली गुढीपाडव्यानंतरचा शनिवार.

आता मधे एक गोष्ट सांगायला हवी. पाडव्याच्या आदल्या दिवशी शोभावहिनी आमच्याकडे आल्या, माझ्या बायकोला, रत्नाला, घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून ढसाढसा रडल्या. पोळ्या विकतच्याच होत्या.

होळीच्या सकाळी वहिनींनी पुरण शिजत ठेवलं आणि आंघोळीला जाताना नवऱ्याला सांगितलं, "अहो, एवढं ढवळत राहा, लागू देऊ नका." त्र्यंबकराव पळी हातात धरून लॅपटॉपसमोर उभे राहिले. त्या दिवशी पडद्यावर एका विधवेचा दावा ऐन रंगात आला होता. विधवेला न्याय मिळाला. पुरणाला नाही. वहिनी बाहेर आल्या तेव्हा पातेल्यात डांबर होतं आणि नवरा आनंदानं म्हणत होता, "जिंकली गं बाई!" धुरानं वाजणारा अलार्म त्यांना विजयाची घंटा वाटला असावा. वहिनींनी "दुसरं टाकते" म्हणून त्यांना वर पिटाळलं. पण डाळ संपली होती आणि वेळही. त्या कार काढून दुकानात गेल्या, फ्रोझन पोळ्या आणल्या, साजूक तुपावर भाजल्या, वर केशर टाकलं. एकदाच. आयुष्यात एकदाच. आणि नेमकी त्याच वर्षी सावनी आली.

"मग सांगून टाक ना त्यांना," रत्ना म्हणाली.

"काय सांगू? ते अकरा माणसं गोळा करत हिंडताहेत गं! काल मला म्हणाले, शोभा, तुझ्यासाठी मी वेस्टमिन्स्टर हलवून सोडीन. इतकी वर्षं यांनी माझ्यासाठी साधी ट्यूबलाइट हलवली नव्हती. कुठल्या तोंडानं सांगू?"

रत्ना त्या अकरांतली एक होती. मी दुसरा. रात्रीच्या आत मलाही सगळं कळलं.

शनिवारी कॅफेटेरियात अकरांपैकी पाचच जण हजर. बाकीच्यांचे मेसेज आले होते. कुणाचा मुलगा टेनिसच्या मॅचला, कुणाच्या कारचं चाक बिग बीव्हर रस्त्यावरच्या खड्ड्यात, कुणाची भारतातून सासू. दुसरा कुणी असता तर चिडला असता. त्र्यंबकरावांना ब्रह्मानंद झाला.

"वा! सबबी!" ते टाळी देत म्हणाले. "अहो, याचं स्वतंत्र खातं होतं कोर्टात. सबब पाठवायचा हक्क होता लोकांना. वाटेत आजारी पडलो, समुद्रापार आहे, राजाच्या कामावर आहे. सबब सांगायला बदली माणूस यायचा. एकेका दाव्यात नुसत्या सबबीच!"

"काका, सुशांत म्हणतोय मायग्रेनमुळे बेडवरून उठताच येत नाहीये," सावनीनं अकरांतल्या आणखी एकाचा मेसेज वाचला.

"अंथरुणाला खिळलाय?" त्र्यंबकरावांचा आवाज भरून आला. "मग चार सरदार पाठवावे लागतील."

"काय?"

"फार पूर्वीचा नियम आहे. जमिनीच्या दाव्यात कुणी म्हणाला मी अंथरुणाला खिळलोय, तर कोर्ट चार सरदार पाठवायचं, खरंच खिळलाय का बघायला. नुसता झोपलेला चालत नसे. बूट काढलेले हवेत."

केदारांना फोन येण्याआधीच त्यांना होंडा ओडिसीत कोंबण्यात आलं. त्र्यंबकराव, केदार, सावनी आणि मी, असे चार सरदार बर्फाचा चिखल उडवत सुशांतच्या घरी गेलो. सुशांत बास्केटबॉलची मॅच बघत सोफ्यावर चिवडा खात होता. आम्हाला खिडकीतून बघताच तो वाटीसकट बेडरूममध्ये पळाला आणि पांघरुणात शिरला.

त्र्यंबकरावांनी पांघरुणाचं पायाकडचं टोक उचललं. "बूट आहेत," ते गंभीरपणे म्हणाले.

"यार काका," सुशांत कळवळला, "मला शपथेची भीती वाटते हो. आईनं लहानपणी सांगितलंय, खोटी शपथ घेतली की दात पडतात. काकूंच्या पोळ्या मी खाल्ल्यात, त्या जरा... म्हणजे, दरवर्षीसारख्या लागल्या नाहीत."

मी पडद्याच्या डिझाइनचं निरीक्षण करू लागलो. त्र्यंबकराव मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला कुणी पोळीबद्दल विचारत नाहीये रे. शोभा खोटं बोलते का, एवढंच सांगायचंय. बोलते?"

सुशांतनं विचार केला. "नाही काका. काकू खोटं नाही बोलत."

"मग पुढच्या शनिवारी ये. बूट घालूनच ये."

पुढच्या शनिवारी अकराच्या अकरा आले. अख्खं मंडळ आलं. इतकी गर्दी आमच्या नाटकाला कधी झाली नव्हती. सावनी वादी म्हणून एका बाजूला, मधे केदार, त्यांचा फोन काढून घेतलेला. समोर ओळीनं आम्ही अकरा, आणि त्र्यंबकराव ताकीद देत फिरत होते, "शब्दाला शब्द आला पाहिजे. तिथं एक शब्द चुकला तर दावा गेला!"

शोभावहिनी पुढे आल्या. जांभळी पैठणी नेसल्या होत्या. कपाळावर घाम. उजवा हात वर केला आणि म्हणाल्या, "मी शोभा त्र्यंबक हुपरीकर, शपथेवर सांगते, की होळीच्या दिवशी ज्या पोळ्या मी..."

त्या थांबल्या. ओळीत उभ्या असलेल्या आमच्याकडे त्यांनी पाहिलं. रत्नाचे डोळे भरलेले. तिच्या पलीकडे सुशांत, जिभेनं दात चाचपत उभा.

"नाही जमत," वहिनी म्हणाल्या आणि हात खाली घेतला. "विकतच्या होत्या. दुकानातल्या. सावनीचं बरोबर आहे."

कुणीतरी चमचा पाडला. केदार सवयीनं खिसा चाचपू लागले. आणि एकटे त्र्यंबकराव टाळ्या वाजवत होते.

"चालली!" ते नाचत म्हणाले. "पद्धत चालली! आजकालचे विद्वान म्हणतात, ही असली कसली पद्धत, कुणीही मित्र आणून सुटून जाईल. कसा सुटेल? ओळखीची अकरा माणसं आपल्यासाठी तोंड उघडायला उभी राहिली की खोटं घशात अडकतं! बघितलंत? डोळ्यांसमोर! सहाशे वर्षांनी! ट्रॉयमध्ये!"

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुमची बायको दावा हरलीय."

"हो, पण काय सुंदर हरलीस!" मग त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. टाळ्या मंदावल्या. "पण तू पुरण तर शिजवलं होतंस ना?"

"शिजवलं होतं. ढवळायला तुम्हाला सांगितलं होतं."

इतकं हसू त्या कॅफेटेरियानं पूर्वी ऐकलं नसेल. मुलंसुद्धा हसत होती, ज्यांना अर्धंच मराठी कळतं. त्र्यंबकराव हसले नाहीत. ते पुढे आले आणि बायकोच्या शेजारी उभे राहिले, तिथंच, आरोपीच्या जागी.

"केदार," ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दावा माझ्यावरही आहे. लिहून घ्या, हुपरीकर राजाच्या दयेवर."

दयेवर म्हणजे दंड. आणि दंड किती, ते शेजाऱ्यांनी ठरवायचं, असाही तिथला रिवाज. तेव्हा आम्ही अकरा कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागलो. कुणी म्हणालं यांचा लॅपटॉप जप्त करा. कुणी म्हणालं यांना वर्षभर लॅटिन बंद. शेवटी ठरलं, की मंडळाच्या पुढच्या सगळ्या कार्यक्रमांची भांडी हुपरीकर घासतील, जळकी आधी.

"आणि ढाल?" सावनीनं विचारलं. तिचाही आवाज आता जरा ओला झाला होता. मग तिनंच उत्तर दिलं. "ढाल दुसऱ्या नंबराला. पण काकू, पुढच्या वर्षीपासून परीक्षक तुम्ही व्हा. कॅलिपरनं फक्त संशय येतो. खरं काय ते सांगायला तुमच्यासारखं माणूस लागेल."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी पकडली गेलेय, मुली!"

"पकडलं कुठं? मी सिद्ध नव्हते करू शकत. तुम्ही सांगितलंत."

तेवढ्यात सुशांतनं हात वर केला. "काका, आम्ही आठवडाभर प्रॅक्टिस केलीय. आता शपथ घ्यायचीच नाही का?"

त्यावर पुन्हा गलका झाला, आणि शेवटी अकरा जणांनी शपथ घेतली. शब्द जागच्या जागी जुळवले. आम्ही शपथेवर सांगतो, की शोभा हुपरीकर खोटं बोलत नाहीत, आणि बोलायला गेल्या तरी त्यांना जमत नाही. मराठी माणसांनी एका सुरात, कुणीही कुणाची दुरुस्ती न करता एवढं लांब वाक्य म्हटल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या आणि "पुरे रे, पुरे" म्हणत होत्या.

वहिनींचं नाव असं धुऊन निघालं, ते जरा जास्तच स्वच्छ निघालं. आता साऱ्या गावाला खरं बोलणारं माणूस मिळालंय आणि लोक त्यांना सोडत नाहीत. घर घेण्याआधी वहिनींना नेऊन दाखवतात. मुलांचे गाण्याचे क्लास चालू ठेवावेत की नाही, ते वहिनींना विचारतात. परवा केदारांनी नवं किचन दाखवलं, तर म्हणाल्या, "डेंटिस्टकडे आल्यासारखं वाटतं." केदारांना फोन आला.

त्र्यंबकरावांची छाती अभिमानानं फुगलेली असते. मागच्या रविवारी आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा त्यांनीही धीर एकवटला.

"शोभा," ते म्हणाले, "आता सगळ्यांसमोर खरं सांग. इतकी वर्षं मी तुला एकेक दावा सांगत आलोय. तुला आवडतात का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "एकही नाही."

"एकही नाही? मग इतकी वर्षं ऐकलेस कसे?"

"ऐकले कुणी?" वहिनी म्हणाल्या आणि आमटी वाढून घेतली.